गाणं कुणाच्या नावावर?

अमेरिकी गायक-गीतकार जॉन प्राइन याने 1981 साली ‘ओह बॉय रेकॉर्ड्‌स’ ही स्वतःची कंपनी काढली, तेव्हा संगीत-व्यवसायाच्या लेखी तो जवळपास संपलेला माणूस होता. दहा वर्षांत त्याचे सात अल्बम आले होते. पहिले चार अटलांटिक कंपनीने काढले, पुढचे तीन असायलमने. समीक्षक त्याच्यावर खूश होते, मोठमोठे गायक त्याची गाणी गात होते, पण सातपैकी एकही अल्बम ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या 50 मध्ये पोहोचला नव्हता. पुढे 2018 मध्ये त्याच्या याच घरच्या कंपनीने ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ काढला आणि तो थेट पाचव्या क्रमांकावर गेला. प्राइन तेव्हा 71 वर्षांचा होता आणि दोनदा कर्करोगातून उठलेला होता. बलाढ्य कंपन्यांना लाथ मारून जिंकलेला बंडखोर, अशी ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण तिच्यातले तपशील तसं सांगत नाहीत. प्राइनला तारलं ते बंडाने नव्हे, मालकीने. आणि मालकीतून त्याला पैशाहून मौल्यवान अशी एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे सवड.

प्राइन शिकागोलगतच्या मेवूडचा. आईवडील केंटकीच्या पश्चिम भागातून आलेले, त्यामुळे कंट्री संगीत घरातच होतं. सक्तीच्या लष्करभरतीत तो पश्चिम जर्मनीत मेकॅनिक म्हणून राहिला आणि परतल्यावर मेवूडमध्ये पोस्टमनची नोकरी करता करता गाणी रचत राहिला. 1970 मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’चे चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला एका छोट्या क्लबात ऐकून त्याच्यावर लिहिलं, पुढच्या वर्षी गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनने त्याला ऐकलं आणि अटलांटिकचा करार झाला. 1971 च्या त्या पहिल्या अल्बममध्ये व्हिएतनामहून व्यसन घेऊन परतलेला सैनिक आहे, एकाकी म्हातारपण आहे, कोळशाच्या खाणींनी गिळलेलं आईवडिलांच्या मुलखातलं गाव आहे. पंचविशीतल्या पोराने लिहिलेली ही गाणी गिटारच्या तीन-चार कॉर्डांवर उभी आहेत आणि विनोद व दुःख त्यांत एका ओळीच्या अंतरावर राहतात. अशा गाण्यांची अडचण ही की ती कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाहीत. कंट्री रेडिओला ती फार फोक वाटतात, रॉक रेडिओला फार कंट्री.

बड्या कंपनीचा हिशेब मात्र कप्प्यांवरच चालतो. ती कलावंताला आगाऊ रक्कम देते. पण ती बक्षीस नसते, ऊसतोड मजुराला मुकादम देतो तशी उचल असते. रेकॉर्डिंगचा आणि इतर बराचसा खर्च कलावंताच्या वाट्याच्या रॉयल्टीतून वळता होतो, आणि तो फिटेपर्यंत त्याच्या हाती विक्रीतलं फारसं काही पडत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची, म्हणजे ‘मास्टर’ची मालकी सहसा कंपनीकडे राहते. कंपनीलाही दोष देण्याचं कारण नाही. अनेक अल्बम बुडणार हे धरूनच तिने पैसे लावलेले असतात आणि एखाद्या प्रचंड यशाने बाकीचं नुकसान भरून निघतं. अडचण होते ती मधल्या कलावंताची, ज्याची गाणी दरवर्षी थोडी पण वर्षानुवर्षं खपत राहतात. कंपनीच्या वहीत तो तोट्यात दिसतो. स्वतःच्या वहीत तोच माणूस बऱ्यापैकी चालणारा धंदा असू शकतो.

ती दुसरी वही प्राइन आणि त्याचा व्यवस्थापक अल ब्युनेटा यांनी उघडली. रसिकांनी पुढच्या अल्बमसाठी आगाऊ पैसे पाठवले, त्यातूनच खर्च निघाला आणि 1984 मध्ये ‘एमलेस लव्ह’ आला. ‘क्राउडफंडिंग’ हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधी, टपालाने आलेल्या चेकांवर ही कंपनी उभी राहिली. पण खरी परीक्षा पुढे होती. 1986 च्या अल्बमनंतर तब्बल पाच वर्षांनी ‘द मिसिंग इयर्स’ आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. 1998 मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आवाज खर्जात उतरला आणि खरखरीत झाला. पुढच्याच वर्षी त्याने गायिकांबरोबरच्या युगुलगीतांचा अल्बम काढला. त्यातली जवळपास सगळी गाणी दुसऱ्यांची होती. स्वतःच्या नव्या गाण्यांसाठी श्रोत्यांना 1995 नंतर थेट 2005 पर्यंत थांबावं लागलं, आणि त्यानंतर 2018 पर्यंत. दहा आणि तेरा वर्षांच्या या खंडांत बड्या कंपनीने त्याचं नाव यादीतून केव्हाच खोडलं असतं. घरच्या कंपनीत त्याला खोडणारं कुणी नव्हतं. जुने अल्बम विकले जात होते, दौरे चालू होते, आणि गाणं पिकेपर्यंत वाट पाहता येत होती.

यावर पहिला आक्षेप असा की हे स्वातंत्र्य उसन्या पुण्याईवरचं होतं. अटलांटिकने नाव देशभर नेलं नसतं तर चेक पाठवणारे रसिक आले कुठून असते? आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पण त्याच पिढीत बड्या कंपन्यांनी नाव करून दिलेले आणि पुढे विस्मरणात गेलेले गायक काही कमी नाहीत. पुण्याई अनेकांकडे होती; ती टिकवणारी यंत्रणा फार थोड्यांनी उभारली. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: प्राइनची चूल नॅशव्हिलच्या मुख्य धारेतल्या कंट्री संगीतावरही पेटत होती. गीतकार रॉजर कुकबरोबर लिहिलेल्या त्याच्या गाण्यांपैकी एक 1983 मध्ये डॉन विल्यम्सने, तर एक 1998 मध्ये जॉर्ज स्ट्रेटने कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. पण याने मूळ मुद्दा ढासळत नाही, पक्काच होतो. स्वातंत्र्य म्हणजे बाजाराशी अबोला नव्हे. गाण्याच्या लेखनाचा हक्क स्वतःकडे असला की दुसऱ्याच्या गळ्यातलं यशही आपल्या घरी येतं.

तिसरा आक्षेप आजचा आहे. सीडी विकून कंपनी चालवण्याचे दिवस गेले. स्ट्रीमिंगमध्ये एका ऐकण्यामागे पैशाचा अगदी बारीक अंश हाती येतो. मग हा धडा आता कुणाच्या कामाचा? याला उत्तर पुढच्या पिढीने दिलं आहे. गायक-गीतकार जेसन इसबेलने 2013 पासून आपले अल्बम स्वतःच्या ‘साउथईस्टर्न’ लेबलवर काढले. वितरणाचं काम नॅशव्हिलची ‘थर्टी टायगर्स’ ही कंपनी करते, पण ध्वनिमुद्रणाची मालकी कलावंताकडेच राहते. या वाटेने इसबेलने ग्रॅमी मिळवली. मधल्या काळात ‘अमेरिकाना’ या छत्रीखाली कंट्री, फोक, ब्लूज अशा मुळांच्या संगीताला स्वतःची संघटना मिळाली, 1999 मध्ये. आणि 2010 पासून स्वतंत्र ग्रॅमीही. ज्या गाण्यांना कप्पा नव्हता, त्यांना तो मिळाला. अर्थात ही वाट सगळ्यांनाच पुरेशी वाटत नाही. गायक टायलर चिल्डर्सचं नाव स्वतंत्र लेबलवर झालं आणि नंतर त्याने आरसीए या बड्या कंपनीशी हातमिळवणी केली. तोही पराभव म्हणता येत नाही, कारण श्रोते आधीच पाठीशी असलेला कलावंत कराराच्या टेबलावर याचक म्हणून बसत नाही.

प्राइन 7 एप्रिल 2020 रोजी कोविडने गेला. ‘ओह बॉय’ मात्र चालू आहे. पत्नी आणि मुलगा ती सांभाळतात आणि केल्सी वॉल्डनसारख्या नव्या गीतकारांचे अल्बम काढतात. प्राइनची प्रतिभा कुणाला उचलता येणार नाही, अटलांटिकने दिलेली सुरुवातही प्रत्येकाच्या नशिबी नसेल. उचलता येते ती त्याची व्यवस्था: हक्क आपल्या नावावर, खर्च आवाक्यात, श्रोत्यांचा पत्ता आपल्या वहीत. चाळीसेक वर्षं ती टिकली, कारण पहिल्या महिन्यातल्या विक्रीवर तिचं पोट अवलंबून नव्हतं.