मारक पेशींची परीक्षा

कर्करोगाच्या उपचारार्थ नाशिकहून मुंबईस जाणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. तेथे आयआयटी व टाटा स्मारक केंद्राच्या संशोधनातून, रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक टी-पेशींना कर्कपेशी मारण्यास सज्ज करणारा उपचार सिद्ध झाला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींनी त्याचे लोकार्पण केले.

अशा पेशींची मारकशक्ती मोजण्याची जुनी रीत अशी : कर्कपेशींत किरणोत्सारी क्रोमियम भरून त्या मारक पेशींसह सुमारे चार तास ठेवतात. कर्कपेशी फुटली की क्रोमियम द्रवात उतरते व मोजता येते. परंतु थोडे क्रोमियम आपोआपही गळते. म्हणून मारक पेशींविना ठेवलेल्या नमुन्यातील गळती वजा करतात. ही वजाबाकी गाळली, तर रुग्णाच्या पदरी खोटी आशा पडेल. आमच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगवहीत ती कधीही गाळू नये.