रणगाड्यावरील रंगलेखन : एक ऐतिहासिक साधन

तैनात सैनिकांनी रंगविलेली पथकचिन्हे म्हणजे केवळ सजावट नव्हे. २००३ नंतर कुवेतमधील तळांवर अमेरिकी सैनिकांनी काँक्रीटच्या संरक्षक भिंतींवर अशी चित्रे काढली. चिलखती दलात रणगाड्याचा पत्रा हीच भिंत. त्यावर चिन्ह, क्रमांक व रणगाड्याला दिलेले नाव रंगविले जाते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात जतन केलेला ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडा सायप्रसमधील बंदराचे नाव धारण करतो. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना याच रणगाड्यात वीरमरण आले.

पोलाद दुरुस्त करता येते. मात्र खरवडलेला मूळ रंग परत मिळत नाही. म्हणूनच कोणत्याही जुन्या रणगाड्याच्या पुनर्रंगकामापूर्वी त्यावरील अक्षरांची व चिन्हांची सचित्र नोंद करणे अगत्याचे ठरते.