सुगीच्या दिवसांतलं वजन

दोन वर्षांखालच्या लेकराची लांबी घ्यायची तर चार हात लागतात. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या चुडाव्यात, अंगणवाडीत बसून मी हे काम जवळून पाहिलं. मदतनीसताईंनी लेकराचं डोकं फळीच्या टोकाला टेकवून दोन्ही हातांनी धरलं. सेविकाताईंनी एका हाताने गुडघे अलगद दाबले आणि दुसऱ्या हाताने सरकती पट्टी तळव्यांना भिडवली. लेकरू रडत होतं, पाय आखडत होतं. ताई थांबल्या. आखडलेल्या पायांची लांबी कमी भरते, आणि कमी लांबीला तेच वजन पुरेसं दिसतं. म्हणजे घाईत लिहिलेला एक आकडा लेकराचं कुपोषण झाकून टाकतो. पाय सरळ होईपर्यंत ताईंनी पेन उचललं नाही.

वजनाआधी अंगडं, टोपडं, पायातले वाळे उतरवायचे. आजीला ते पटेना.

“आवो ताई, वाळे ऱ्हाऊ द्या. नजर लागती लेकराला.”

“वजन झालं की लगेच घाला, आजी.”

मग डाव्या दंडाला पट्टी. ११.५ सेंटीमीटरच्या आत लाल, १२.५ पर्यंत पिवळी, त्यापुढे हिरवी. पट्टी पिवळी दाखवू लागली की ताई आजीला बसवून घेतात: रात्री काय खाल्लं, जुलाब झाले का, घरी नेलेला आहार नेमका कुणाच्या ताटात गेला. आकडे आधी वहीत आणि मग मोबाईलवर, पोषण ट्रॅकरमध्ये. हे कसबी काम आहे.

लेकराला आजी घेऊन आली, कारण आई सोयाबीन काढायला गेली होती. सुगीत एक दिवस घरी राहिलं की त्या दिवसाची मजुरी बुडते.

लेकरू वाढवणं हे एकट्या आईचं काम नाही, हे काही देशांनी फार पूर्वी मानलं. स्वीडनने १९७४ मध्ये आईसोबत बापालाही पालकत्वाची रजा दिली. आज तिथे एका मुलामागे आईबापांना मिळून ४८० दिवस मिळतात, आणि त्यातले ९०-९० दिवस ज्याचे त्यानेच घ्यायचे. फिनलंड १९३८ पासून बाळंतिणींना कपड्या-अंथरुणाची पेटी देतं. १९४९ मध्ये त्यातली उत्पन्नाची अट गेली. आपल्याकडे २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली खरी, पण ती नोकरीतल्या बाईला. शेतमजूर बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवरच्या घरांतल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात, त्यातले ७५,००० ती अठराची झाल्यावर. हे पैसे मोलाचे आहेत, मुलगी शिकावी यासाठी ते हवेतच. पण दंडाची पट्टी पिवळी होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि त्या वर्षांत लेकराला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवणारं माणूस लागतं. आजीची नजर अधू झालेली असते, गुडघे धरलेले असतात. ती तरी किती पुरी पडणार?

आई कामावर असताना लेकराजवळ माणूस लागतं, हे २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ओळखलं होतं. कामावर बायकांसोबत पाच किंवा अधिक लहान लेकरं असली, तर त्यांच्यातल्याच एकीने ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. सोयाबीनच्या खासगी रानात अशी तरतूद नाही. अंगणवाडी दुपारी मिटते, आई दिवस मावळताना परतते. निदान सुगीचे आणि कापूस वेचणीचे महिने तरी चुडाव्यासारख्या गावात अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी हवी. त्यासाठी आणखी एक बाई पुऱ्या मजुरीवर नेमावी. आहे त्याच दोघींच्या माथी हे काम मारू नये.