गाण्याची मजुरी आणि गाण्याची मालकी



ज्या माणसाचे आयुष्य जिनिंगच्या फाटकापाशी आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर गेले, त्याने गाण्यावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मला सूर कळत नाही. पगारपत्रक मात्र वाचता येते. तेवढ्याच बळावर मी आज एका तरुण गायकाची वाटचाल आपल्यापुढे मांडणार आहे.

हे गायक म्हणजे संजू राठोड. जळगाव जिल्ह्यातले, बंजारा समाजातले. ‘नऊवारी पाहिजे’ या गाण्याने त्यांचे नाव झाले, आणि २०२४ साली आलेल्या ‘गुलाबी साडी’ने ते देशभर पोचले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील फलकावर हे मराठी गाणे झळकले. २०२५ मध्ये त्यांचे ‘शेकी’ आले, तेही गाजले. आपल्या दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांत होळीला लेंगी गाणाऱ्या पोरांना या यशाचा अभिमान वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे.

परंतु या वाटचालीत मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. राठोड आपली गाणी स्वतः लिहितात आणि स्वतः गातात. संगीताची बाजू त्यांचे बंधू गौरव ‘जी-स्पार्क’ या नावाने सांभाळतात. म्हणजे शब्द, चाल आणि गळा ही तिन्ही एकाच घरातली. हे इतके महत्त्वाचे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीचे, लता मंगेशकरांचे, नाव तेथे नव्हते. पुढे लताबाईंनी तबकडीवर गायकाचे नाव असावे असा आग्रह धरला, आणि १९६०च्या दशकात विक्रीतला वाटाही मागितला. महंमद रफींचे मत निराळे होते. ठरलेली रक्कम घेतली की व्यवहार संपला, असे ते मानीत. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. दोघेही थोर, दोघेही सज्जन. वाद होता तो एकाच प्रश्नाचा. गाणे ही दिवसाची मजुरी आहे, की वर्षानुवर्षे पीक देणारे शेत आहे?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. कॉपीराइट कायदा १९५७चा. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. गायकाला कलावंत म्हणून कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९९४च्या दुरुस्तीने. खरा बदल झाला २०१२ साली. त्या दुरुस्तीने ठरले की गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क विकले तरी, गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा त्यांच्यापासून तोडता येत नाही. तो वाटा वारसाकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो; उलट करार केला तर तो रद्दबातल. गाण्याचा व्यापारी वापर झाला तर गायकालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, गायकांनी आपल्या हक्कांसाठी संघटना स्थापन केली. पंचवीस माणसांनी वेगवेगळे मागून जे मिळत नाही ते एकत्र मागून मिळते, हे गळ्याच्या कामगारांनाही पटले!

आता एका गाण्यात किती मालक्या असतात ते पाहा. शब्दांची एक, चालीची दुसरी, ध्वनिमुद्रणाची तिसरी. ध्वनिमुद्रणाची मालकी खर्च आणि जबाबदारी उचलणाऱ्या निर्मात्याची. चौथा गायकाचा हक्क. मोबाइलवर गाणे वाजले की वर्गणीचा आणि जाहिरातीचा पैसा आधी कंपनीकडे जमतो, आणि मग करारांप्रमाणे खाली झिरपतो. एका वेळेमागे पडणारी रक्कम अगदी नगण्य. ती कोट्यवधी वेळा पडते म्हणून तिला अर्थ. म्हणूनच ज्या घरात लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा एकत्र आहेत, त्या घराचे बोलणे कराराच्या टेबलावर वजनदार असते. नुसता गळा घेऊन जाणारा त्या टेबलावर एकटा असतो.

आपल्या जिल्ह्याला हे कळायला अवघड जाऊ नये. आपण कापूस पिकवतो, आणि कापडाचा नफा दुसरीकडे होतो. गाण्याचेही असेच होते.

आमच्या युनियनमधल्या एका हमालाचा मुलगा गातो. त्याने स्वतः लिहिलेले एक गाणे कोणी ध्वनिमुद्रित केले, सात हजार रुपये दिले आणि सही घेतली. गाणे चालले. वराती-वरातींत वाजू लागले. एके दिवशी पोरगा कागद घेऊन माझ्याकडे आला. अकरा पाने, सगळी इंग्रजीत. मी म्हणालो, “अरे, न वाचता सही कशी केलीस?” तो म्हणाला, “काका, गाण्याचे पैसे पहिल्यांदाच कोणी देत होतं.” त्यावर मी त्याला काय रागावणार?

मी त्याला आधी हे सांगितले की वरातीत वाजते त्याचे पैसे मिळायचे नाहीत. विवाहसोहळ्याला कायद्याने सूट आहे, आणि ती योग्यच आहे. पण मोबाइलवरचा वापर, तिकिटाचे कार्यक्रम, जाहिरात यांतला गीतकाराचा वाटा त्या अकरा पानांनीही बुडत नाही.

ज्यांच्या घरी गाणारे मूल आहे त्यांनी सहीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. कोणते हक्क देतो आहोत? किती वर्षांसाठी? कोणत्या प्रदेशासाठी? रॉयल्टी किती, आणि तिचा हिशेब कधी मिळणार? मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. म्हणून ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगासाठी’ हे शब्द जेथे दिसतील तेथे लेखणी थांबवावी, आणि जाणत्या माणसाला कागद दाखवावा.

राठोडांचे यश पाहून आपल्या गावोगावची मुले मोबाइलसमोर उभी राहून गात आहेत. त्यांना गाऊ द्या. गळा त्यांचा आहे. कागद वाचण्याचे काम आपण मोठ्यांनी अंगावर घ्यावे, एवढेच मागणे आहे.

त्या मुलाच्या वतीने आम्ही नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले. उत्तर आले आहे. हिशेब अजून यायचा आहे. आम्ही दुसरे पत्र लिहिले आहे.