मागच्या रांगेतली मुलं

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव, रहिमतपूर, वाठार या पट्ट्यातल्या जुन्या घरांत शाळेचा एखादा ग्रुप फोटो हमखास सापडतो. मधल्या खुर्चीवर कोट-टोपीतले मास्तर, पुढे मांडी घालून बसलेली अनवाणी पोरं, मागे उभी थोराड मुलं, आणि कुणाच्या तरी हातात शाळा, इयत्ता नि साल लिहिलेली पाटी. पाटी नसली तर डोक्यांकडे पाहावं. पांढऱ्या गांधीटोप्या १९२०नंतर रुळल्या. त्या दिसल्या की फोटो त्याआधीचा असणं अवघड.

पण साल ठरवणं हे निम्मंच काम. कोण कुठे बसलंय, आणि कोण फोटोत मुळीच नाही, ते शोधायला हवं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचा प्रवेश झाला. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. वर्गात मात्र त्यांना वेगळं बसावं लागे, तेही स्वतःच्या गोणपाटावर; ते रोज घरून आणायचं आणि रोज परत न्यायचं. दुसऱ्याच वर्षी हा मुलगा भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. तिथे तलाव खोदला जात होता. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार, या अटीवर. वाटेत रात्रभर पाणी मिळालं नाही. हे सारं आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवलं आहे.

अशा मुलांना ग्रुप फोटोत कुठे उभं करत, की बोलावतच नसत?

भाऊराव पाटलांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह निघालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पुढे संस्थेने खेडोपाडी व्हॉलंटरी शाळा काढल्या. इमारत नव्हती तिथे देवळात किंवा चावडीत वर्ग भरे. म्हणून फोटोच्या मागे शाळेऐवजी देवळाचा खांब दिसला, तर गोंधळून जाऊ नये.

मुली मोजाव्यात, त्या फार थोड्या दिसतात. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातल्या नायगावच्या, आणि त्यांची पुण्यातली मुलींची शाळा १८४८ची. एवढ्या जवळून सुरू झालेली वाट गावच्या शाळेपर्यंत यायला किती काळ गेला, हे या रांगा सांगतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असतं. फोटो आणि रजिस्टर शेजारी ठेवले, की पटावर असून चित्रात नसलेली मुलं उघडी पडतात. कोरेगाव तालुक्यातल्या शाळांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावं आणि ओळख पटलेली नावं फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावीत. हे चेहरे ओळखू शकणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.