गोखले रोडवरचं उघडं आभाळ

लातूरहून रात्री सुटणारी गाडी सकाळी दादरला थांबते, आणि नांदेडहून येणारी देवगिरी एक्सप्रेसही. पश्चिमेला उतरून गोखले रोडने पंधरा-वीस मिनिटं चाललं की 'पोर्तुगीज चर्च' येतं. दादरकर याच नावाने पत्ता सांगतात. चर्चचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्वेशन'. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये इथे पहिलं चर्च उभारलं. पुढे त्याच्या भोवती दादर दाटत गेलं. आजची इमारत मात्र १९७४ ते १९७७ या काळातली, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली.

 

कोरियांपुढे अडचणी उघड होत्या. चहूकडे इमारती, दारात वाहनांचा गोंगाट, मुंबईचा दमट उकाडा. शिवाय उपासनेची रीतही बदलली होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) धर्मगुरू लोकांकडे तोंड करून, लोकांच्या भाषेत मिस्सा (मुख्य उपासना) म्हणू लागले. वेदीपासून दूरवर रांगा जाणारा लांबट मंडप आता अपुरा वाटू लागला; माणसं वेदीजवळ यायला हवी होती.

कोरियांनी एकच भलामोठा मंडप बांधला नाही. काही जागा छताखाली, काही उघड्या, अशा एकमेकींत गुंतवल्या. बाप्तिस्मा, लोकांमधलं कार्य आणि बलिदान हे येशूच्या आयुष्यातले टप्पे या मांडणीमागे आहेत. छताखालच्या जागांवर वर निमुळती होत जाणारी काँक्रीटची कवचं आहेत. तापलेली हवा हलकी होऊन या कवचांत चढते आणि माथ्यावरून निघून जाते. तिच्या जागी अंगणांतली हवा आत येते. चुलीवरच्या धुराड्याचंच हे काम. माथ्यावरूनच उजेडही खाली उतरतो. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचाही हात या वास्तूला लागला आहे.

जागेची टंचाई असताना तिच्यातली काही उघडी सोडायची, याला धाडस लागतं. इतक्या दाट वस्तीत हाच निर्णय सगळ्यांत मोलाचा ठरला.

आपल्या मराठवाड्याला खरं तर हे उघडं अंगण नवं नाही. जुन्या वाड्याचा चौक हेच करतो: उजेड देतो, उकाडा बाहेर काढतो, लग्नात मांडव पेलतो. लातूरच्या गंजगोलाई या गोलाकार बाजारात अंबाबाईचं देऊळ आहे आणि त्या गोलाला सोळा रस्ते येऊन मिळतात. इतक्या वर्दळीतही देवळाभोवती फिरायला जागा उरते. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये उभा राहिला. तिथेही भाविकाला गल्लीबोळांतून आल्यावर आधी मोकळं प्रांगण लागतं, मग दरबार.

आणि आपल्याकडे आज काय घडतं? वर्गणी जमली की कुठलीही समिती पहिल्यांदा अंगणावर पत्रे टाकते. मग पंखे लागतात, दिवसाही दिवे लावावे लागतात, आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली म्हातारी माणसं बसूही शकत नाहीत. देऊळ असो, मशीद, विहार की चर्च, हेच चित्र दिसतं. विस्तार करायचाच असेल तर नकाशावर आधी मोकळी जागा आखावी आणि तिच्याभोवती भिंती बसवाव्यात. नकाशा मंजुरीला टाकण्याआधी समितीतल्या दोघा-चौघांनी एकदा दादरला उतरून हे चर्च आतून पाहून यावं.