तंबूतली पहिली रात्र

सर्कशीत नव्याने भरती झालेल्या माणसाला पहिल्या रात्री कुणी झुल्यावर चढवत नाही. त्याच्या हातात झाडू येतो, नाहीतर दोराचं एक टोक. आयटम संपला की गाद्या ओढायच्या, स्टुलं उचलायची, पुढच्या आयटमचं सामान रिंगमध्ये आणायचं आणि दिवे पुन्हा लागायच्या आत पडद्यामागे गडप व्हायचं. एवढ्या कामातही त्याची त्रेधा उडते. आजवर सर्कस पाहिलेली असते ती गॅलरीत बसून. आता तो पडद्याच्या पलीकडे उभा असतो आणि तिथलं सगळं उलटंपालटं दिसतं. अर्धा चेहरा रंगवलेला जोकर शांतपणे चहा पीत असतो. टिकल्यांच्या झगमगत्या पोशाखातली मुलगी पुढच्या आयटमला पाच मिनिटं आहेत म्हणून लसूण सोलायला बसलेली असते. कानावर नेपाळी, बंगाली, मल्याळम, मधूनच एखादी आफ्रिकी भाषा, आणि या सगळ्यांना सांधणारी मोडकीतोडकी हिंदी. आपण दुसऱ्याच मुलखात येऊन पडलो, असं त्याला वाटलं तर नवल नाही.

तरीही हा माणूस पहिल्याच रात्री कामाला लागतो. सर्कशीच्या साऱ्या करामतींमध्ये मला सर्वांत मोठी वाटते ती हीच. कालपर्यंत तिला ठाऊकही नसलेल्या आणि तिची भाषा न येणाऱ्या माणसाला ती काही तासांत स्वतःच्या यंत्रणेत बसवून घेते.

हे जमतं, कारण सर्कस गावं बदलते, स्वतःचा नकाशा बदलत नाही. पुढे तिकीटखिडक्या आणि प्रवेशद्वार, मग खुर्च्या, त्यांच्या मागे गॅलरी, मधोमध रिंग, रिंगच्या एका बाजूला कलाकारांचा पडदा, त्यावर किंवा शेजारी बँडची जागा. पडद्यामागे सामानाचा ढीग, त्याच्याही मागे राहायचे लहान तंबू, स्वयंपाकाची जागा, जनरेटर. नागपूर असो की कोल्हापूर, पडद्यापासून भटारखान्यापर्यंतची वाट तीच राहते. रात्री अंधारात चालतानाही कुठला तणावा कुठे जमिनीला बांधलेला आहे, हे जुन्या माणसाच्या पायांना माहीत असतं. नवखा मात्र पहिल्या रात्री त्यांना अडखळून हमखास पडतो.

या नकाशाचं केंद्र म्हणजे रिंग, आणि तिचं माप तर कुणा एका कंपनीचंही नाही. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या निवृत्त घोडदळ सैनिकाने गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा गोलात दौडू लागला की आतल्या बाजूला कलतो, आणि त्याच्या पाठीवर उभ्या माणसाला तोल सांभाळणं सोपं जातं. वर्तुळ फार लहान केलं तर घोड्याला नीट दौडता येत नाही, फार मोठं केलं तर हा आधार मिळत नाही. प्रयोग करत करत अ‍ॅस्टली ४२ फूट व्यासावर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर येऊन थांबला. आज बहुतेक सर्कशींत घोडे उरलेले नाहीत, पण ते माप जगभर टिकून आहे. म्हणूनच मॉस्कोत शिकलेला कसरतपटू महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या मैदानावर आला, तरी रिंगमध्ये त्याची पावलं चुकत नाहीत.

दुसरा आधार बँडचा. कुठल्या सुरावटीवर कोण आत येणार, कुठे ढोल थांबला की उडी मारायची, कुठल्या ठोक्याला सलाम करायचा, हे सगळं संगीतात बांधलेलं असतं. नवख्याला सूचना समजावून सांगायला दुभाषा लागत नाही. तो दोन-तीन खेळ कान देऊन ऐकतो आणि गाद्या कधी ओढायच्या ते त्याला कळू लागतं. दिवसाला तीन खेळ असले की ही उजळणी फार लवकर होते.

आता झुल्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवख्याचे डोळे पहिल्या रात्री तिथेच खिळलेले असतात. उडत्या झुल्याचा जनक फ्रेंच कसरतपटू ज्यूल लेओतार. १८५९ साली पॅरिसमध्ये त्याने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेऊन दाखवली. आजच्या खेळात समोरच्या झुल्याला गुडघ्यांत पकड घालून एक माणूस उलटा लटकलेला असतो. तो कॅचर. टाळ्या उडणाऱ्याला मिळतात, पण खेळाची सूत्रं कॅचरकडे असतात. झुला म्हणजे लंबक. लंबकाची एक फेरी किती वेळात पूर्ण होणार, हे त्याच्या लांबीवर ठरतं, टांगलेल्या वजनावर नाही. चार मीटर लांबीच्या झुल्याला एक येणं-जाणं पुरं करायला साधारण चार सेकंद लागतात, मग त्यावर किडकिडीत पोर असो की भरदार गडी. त्यामुळे दोन वेगळ्या वजनांची माणसं एका तालात झुलू शकतात, आणि हा ताल कॅचरच्या अंगात मुरलेला असतो. तो हाक देतो तेव्हाच फळी सोडायची. अर्धा सेकंद उशीर झाला तर समोर हात नसतो.

पकड तळहातांची नसते, मनगटाला मनगट धरलेलं असतं. चॉकची पांढरी पूड लावूनही घामेजलेला तळहात निसटतो, मनगटं एकमेकांत अडकली की निसटण्याचा धोका कमी होतो. मात्र हे सगळं शिकण्याआधी नवख्याला महत्त्वाची एक गोष्ट घोटून घ्यावी लागते. ती म्हणजे पडणं. जाळीत पायांवर किंवा गुडघ्यांवर पडलं तर सांधा जातो, तोंडावर पडलं तर मान. पाठीवर पडायचं, हनुवटी छातीशी घ्यायची, हात पसरायचे नाहीत, जाळीने पुन्हा वर फेकलं तर अंग सैल सोडायचं नाही. मग कडेला येऊन जाळीची कड धरून कोलांटी घेत खाली उतरायचं. सकाळच्या सरावात हे पुन्हा पुन्हा करवून घेतात. प्रेक्षकाला अपयश वाटणारा तो क्षण तंबूतल्या शिक्षणाचा पहिला धडा असतो. हा क्रम मला फार सुज्ञपणाचा वाटतो.

भारतातली आधुनिक सर्कस उभी राहिली तीही एका नवख्याच्या हातून, आणि तो माणूस आपल्या मुलखातला होता. विष्णुपंत मोरेश्वर छत्रे सांगली भागातल्या अंकलखोपचे. गाणं शिकायच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले, तिथे घोडेस्वारीत तयार झाले आणि पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या पागेचे प्रमुख झाले. १८७९ च्या सुमारास किआरिनी या इटालियन मालकाची सर्कस मुंबईत आली होती. हिंदी माणसांना सर्कस उभी करता येणार नाही, असं तो म्हणाला आणि छत्र्यांनी ते आव्हान घेतलं, अशी कथा सांगतात. त्यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती, हा वाद बाजूला ठेवू. मार्च १८८० मध्ये कुरुंदवाडच्या राजेसाहेबांसह निवडक प्रेक्षकांसमोर ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला, एवढी नोंद आहे. छत्रे घोड्यांचे जाणकार होते, सर्कशीचे नव्हते. त्यांच्याकडची माणसंही तंबूत कधी वावरलेली नव्हती. त्या रात्री रिंगच्या आत आणि बाहेर सगळेच नवखे होते.

छत्र्यांच्या दिलदारपणाची एक गोष्ट संगीतवाल्यांना चांगली ठाऊक आहे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी सांभाळलं. पुढे विष्णुपंतांचे बंधू काशिनाथपंत यांनी ती जबाबदारी निभावली. हिंदुस्थानी संगीतातला एक थोर गळा सर्कशीच्या आसऱ्याने जपला गेला, हे मराठी माणसाने विसरू नये.

छत्र्यांमागोमाग देवल, कार्लेकर, माळी अशा नावांच्या सर्कशी सांगली परिसरातून निघाल्या. दरम्यान १८८७ च्या सुमारास छत्र्यांचा तंबू केरळातल्या तलश्शेरीला पोहोचला होता. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक भेटले. कळरी या केरळी युद्धकलेच्या परंपरेत वाढलेली तिथली पोरं अंगाने लवचिक, तोल सांभाळण्यात तरबेज. कीलेरींनी त्यांना सर्कशीसाठी तयार करायचं मनावर घेतलं आणि १९०१ साली तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे शाळाच काढली. पुढची कित्येक दशकं देशातल्या तंबूंमध्ये पहिली रात्र काढणारे नवखे मुख्यतः याच मातीतून आले. महाराष्ट्राने तंबू दिला, केरळने माणसं दिली. १९२० साली बाबुराव कदमांनी सुरू केलेली ग्रँड बॉम्बे सर्कस १९४७ मध्ये कीलेरींच्या भाच्याच्या सर्कशींशी एक होऊन ग्रेट बॉम्बे सर्कस झाली, तेव्हा या नात्यावर शिक्कामोर्तबच झालं. १९५१ साली गुजरातमधल्या बिलीमोऱ्याला जेमिनी सर्कस सुरू करणारे शंकरनही तलश्शेरीच्याच परंपरेत तयार झालेले.

नवख्यांच्या या मालिकेतलं पुण्याचं नाव म्हणजे दामू धोत्रे. १९०२ चा जन्म. मामांच्या सर्कशीत ते कोवळ्या वयात शिरले आणि हिंस्र जनावरांच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचले. पुढे युरोप, आणि १९४० मध्ये अमेरिकेतली रिंगलिंग ब्रदर्स. उघड्या अंगाने, डोक्याला फेटा बांधून वाघ-सिंहांमध्ये उभा राहणारा हा किरकोळ देहयष्टीचा पुणेकर तिकडच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. ‘वाघ-सिंह माझे सखे-सोबती’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे. तंबूतलं शिकणं आतून समजून घ्यायचं असेल त्याने ते वाचावंच.

धोत्र्यांचा मार्ग आज बंद आहे, आणि तो बंद झाला ते योग्यच झालं. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबट्या यांचे खेळ थांबवले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्याविरुद्ध स्पष्ट आदेश दिला. त्याआधी नेपाळच्या आणि आपल्याकडच्या गरीब घरांतली लहान मुलं करार करून तंबूत आणली जात. मारहाण, उपासमार आणि त्याहून वाईट प्रकारही उघडकीला आले होते. त्या मुलांची पहिली रात्र भीतीची आणि रडण्याची होती. कलेच्या नावाखाली ती माफ करता येत नाही.

यातून तंबूचं शिक्षण मुळापासून बदललं. सहा वर्षांच्या अंगाला जे सहज वळण लागतं, ते अठराव्या वर्षी लावायला दुप्पट मेहनत पडते. कमरेतून मागे वळण्याचे काही खेळ त्यामुळे कमी होत चालले आहेत. त्यांच्या जागी सायकल, हवेतल्या रेशमी पट्ट्यांवरच्या कसरती, जगलिंग, मोटारसायकलचा मृत्यूगोल यांना महत्त्व येतंय. मोठेपणी आलेला नवखा स्वतःच्या मर्जीने आलेला असतो, प्रश्न विचारतो, नाही पटलं तर निघून जातो. मालकांना हे अवघड वाटत असेल, मला ती सर्कशीची तब्येत सुधारल्याची खूण वाटते.

खरी अडचण मैदानांची आहे. शहराच्या मधोमध मोठी मोकळी जागा मिळत नाही, मिळाली तर भाडं परवडत नाही, आणि परवानग्यांसाठी अनेक दारं ठोठावावी लागतात. खेळ झाला नाही तरी माणसांचं जेवण आणि पगार थांबत नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा रॅम्बो सर्कस नवी मुंबईत ऐरोलीला अडकली. १९९१ पासून फिरणारी ही कंपनी महिनोन्महिने एका जागी बसून राहिली. मग त्यांनी खेळ चित्रित करून तिकीट लावून ऑनलाइन दाखवला. प्रेक्षकांची टाळी ऐकू येत नसताना कसरत करणं किती कठीण असेल! पण त्यावर काही पगार निघाले.

आज तंबूत येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सुरक्षित जाळी, लेखी करार आणि अपघाताचा विमा मिळाला पाहिजे. नगरपालिकांनी सर्कशीसाठी वर्षातले काही आठवडे एखादं मैदान वाजवी भाड्याने राखून ठेवायला काय हरकत आहे? नाटकांसाठी आपण सरकारी पैशाने नाट्यगृहं बांधतो. ज्या सांगली-कुरुंदवाडच्या परिसरात देशातली पहिली सर्कस तयार झाली, तिथून तरी ही मागणी व्हायला हवी.